ओळमास्तरांच्या पाठीमागे

छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसाला आधी वेदी दिसत नसे, ओळमास्तर दिसत. किरमिजी हिमरूची शेरवानी, वर वळवलेल्या मिशा आणि त्यांच्यामागे उरलेलं चर्च. मंडळीतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नसे. म्हणून गीताची एकेक ओळ मास्तर आधी गात आणि मग सगळे ती गात. याला आम्ही ‘ओळ देणं’ म्हणत असू. आठवडाभर मास्तर गिरणीत जमादार होते. रविवारी मात्र पाळकसाहेबही त्यांची मान हलेपर्यंत थांबत.

ओळ देण्याआधी ते मिशा सारख्या करत आणि पुरुषांच्या रांगांपासून बायकांच्या रांगांपर्यंत नजर फिरवत. सगळे आपल्याकडेच बघताहेत अशी खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नसत. सूर नेहमी एक पट्टी वर. तिसऱ्या कडव्यापर्यंत बायकांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या असत. राहेलमावशी एकदा म्हणाल्या, "मास्तर, जरा खाली घ्या की. आमचा जीव चाललाय वर."

"वरच जायचंय ना मावशी," मास्तर म्हणाले, "आत्तापासून सवय करा."

मी सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेतून शिकून घरी आले, तेव्हा वडिलांनी मला न विचारताच चर्चच्या पेटीवर बसवण्याचं कबूल करून टाकलं. शाळेत मी वाजवायला शिकले होते; लोकांसमोर बसायला शिकले नव्हते. पहिल्या रविवारी मी पेटीवर पार ओणवी झालेली पाहून मास्तरांनी पेटी उचलली आणि बरोबर आपल्या पाठीमागे ठेवली. "मिसबाबा, इथं बसा. माझ्यामागं हत्तीबी दिसत नाय."

खरंच दिसत नसे. वर्षभर मी उपासनेत हिमरूवरची वेलबुट्टी तेवढी पाहिली आणि फार सुखात होते.

गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं त्यांचा खोकला वाढत गेला. एका रविवारी त्यांनी ओळ द्यायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. मंडळी वाट बघत होती. मास्तर जागचे हलले नाहीत. पण पाठीमागे घेतलेल्या हाताची बोटं माझ्यासमोर घाईघाईनं नाचू लागली. मी मान खाली घालून, बसल्याबसल्याच ओळ गायले. त्यांनी भलंमोठं तोंड उघडलं, हात उंचावला आणि मंडळीनं ओळ उचलली.

बाहेर आल्यावर राहेलमावशी म्हणाल्या, "मास्तर, आज आवाज लई गोड लागला. अन् खालीबी होता."

"न्याहारी केली नव्हती," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका मिसबाबा. ही जागा गेली की मी नुसता जमादार." जरा थांबून त्यांनी मिशा सारख्या केल्या. "लोकांना बघायला माणूस लागतो. ते माझं काम. तुम्हाला लपायला माणूस लागतो. तेबी माझंच काम."

असं बरेच महिने चाललं. मास्तर त्यात इतके रंगत, की माझी ओळ संपली तरी त्यांचं तोंड उघडंच राही. मंडळीला पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं, हे मला फार उशिरा समजलं. कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

शेवटी खोकल्यापायी गिरणी सुटली आणि त्यांचं जालन्याला मुलीकडे जायचं ठरलं. जाण्याआधीच्या रविवारी मी आले तर पेटीपुढे कोणीच नव्हतं. मास्तर पुरुषांच्या शेवटच्या रांगेत साध्या सदऱ्यात बसले होते. शेरवानीशिवाय ते एवढे लहान दिसले, की मी आधी ओळखलंच नाही.

गीताची वेळ झाली. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. पाळकसाहेब थांबले. मास्तरही मिशा सारख्या करून माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाच्या ओळीची वाट बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी ओळ दिली.

शेवटच्या रांगेतून पहिला आवाज आला तो त्यांचाच. फाटका, खोकल्यात अडकलेला आणि माझ्यापेक्षा एक पट्टी वर. सगळी मंडळी मला सोडून त्याच आवाजामागे गेली. मीही पेटीवरची बोटं वर सरकवली.