राहिलेले तीन किलोमीटर

देओलिंदा बेनितेस सान लुकासची. जन्म तिथला, लग्न तिथलं, आणि जन्मभर चिपा, म्हणजे कड्याच्या आकाराचे पाव, भाजले तेही तिथल्याच मातीच्या भट्टीत. कसाव्याचं पीठ, चीज, डुकराची चरबी आणि चिमूटभर बडीशेप मळून तिनं वळलेली कडी भट्टीतून बाहेर आली, की महामार्गावरचे बसड्रायव्हर आपसूक वेग कमी करायचे. नवव्या वर्षापासून ती डोक्यावर टोपली घेऊन बसमध्ये चढायची आणि बस पुरती थांबायच्या आत उतरायची. आता वय त्रेसष्ट. गाव तिला न्या देओलिंदा म्हणायचं, म्हणजे देओलिंदाबाई. तोंडानं ती कुणाला हार जायची नाही, म्हणून सहसा कुणी तिच्या वाटेला जात नसे.

तिच्या घराची पुढची खोली इंगरकडे भाड्यानं होती. इंगर डेन्मार्कची, सत्तावन्न वर्षांची, विधवा, पेशानं नर्स. तिकडच्या एका छोट्या प्रॉटेस्टंट चर्चनं तिला पॅराग्वेत धर्मप्रचाराला पाठवलं होतं. त्याला तीन वर्षं होत आली होती. दर रविवारी ती खोलीत सहा खुर्च्या मांडायची आणि बायबल उघडून बसायची. नेमानं यायचा तो एकटा म्हातारा गुमेर्सिंदो, आणि तोही खोलीत पंखा होता म्हणून. बाकीचं गाव यायचं ते रक्तदाब मोजून घ्यायला, जखम बांधायला, पोरांच्या कानात गेलेला मक्याचा दाणा काढायला. इंगर सगळ्यांचं करायची. जाताना प्रत्येकाच्या हातावर एक पत्रक ठेवायची. ती पत्रकं देओलिंदाला पुढे शेजारणींच्या चुली पेटवताना दिसायची, पण हे तिनं इंगरला कधी सांगितलं नाही.

डिसेंबर लागला की गावाचा नूरच बदलायचा. आठ तारखेला काकुपेच्या मातेचा सण. तिथल्या ग्वारानी भाषेत तिला तुपासी म्हणतात, देवाची आई. निळ्या झग्यातली हातभर उंचीची मूर्ती, पण तिच्या भेटीला सगळा देश पायी निघतो. सान लुकास त्याच रस्त्यावर, काकुपेपासून सोळा किलोमीटर अलीकडे. इंगरच्या धर्मात मूर्तीपुढे गुडघे टेकणं बसत नव्हतं. त्यामुळे त्या दोन दिवसांत ती खोलीचं दार लावून घ्यायची आणि खिडकीबाहेरून जाणाऱ्या हजारो पावलांचा आवाज ऐकत विणकाम करायची.

देओलिंदा मात्र सत्तावीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तिची लेक निमिया सहा वर्षांची असताना उसाच्या फडात तिला साप चावला होता. आरोग्य केंद्रात लस नव्हती, ती राजधानीहून यायची होती. तीन दिवस पावसानं झोडपलं होतं, रस्ता खचला होता. देओलिंदानं पोरीचा सुजून काळा पडलेला पाय मांडीवर घेतला आणि तुपासीला म्हणाली, “ही वाचू दे. माझे पाय आहेत तोवर दरवर्षी चालत येईन.” लस आली. ती घेऊन येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं आपला ठरलेला मार्ग सोडला, प्रवाशांनी एका तोंडानं ‘आधी पोरीकडे चल’ म्हणून सांगितलं, आणि चिखलातून ती बस थेट देओलिंदाच्या दारात आली. निमिया वाचली. आज ती स्पेनमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करून पोट भरते.

आधी बरीच वर्षं लेक बरोबर चालायची, ती परदेशी गेल्यावर नवरा एलिखिओ. मार्चमध्ये एलिखिओ गेला. आणि त्यात देओलिंदाचा उजवा गुडघा सुजून टरबुजासारखा झालेला.

सहा तारखेला इंगरनं तो गुडघा दाबून पाहिला आणि मान हलवली.

“तू जायचं नाहीस.”

“तुला कुणी विचारलं? मी तुला गुडघा दाखवला, परवानगी नाही मागितली.”

“सोळा किलोमीटर आहेत देओलिंदा! आणि शेवटी सगळी चढण.”

“चढण मला सांगतेस? तू डेन्मार्कात बाहुल्या खेळत होतीस तेव्हापासून ओळखते मी तिला.”

“लस आली म्हणून निमिया वाचली. औषधानं वाचली.”

“औषधानंच वाचली. मी कुठे नाही म्हणते? पण त्या चिखलातून बस कुणी आणली ते सांग.”

इंगरकडे उत्तर होतं. पण एलिखिओची टोपी अजून खुंटीवरच लटकत होती आणि देओलिंदा बोलताना तिच्याकडे बघत होती. इंगरनं बँडेजची गुंडाळी उचलली.

“मग मी येते बरोबर. गुडघ्यासाठी. तुझ्या तुपासीशी माझं काही काम नाही.”

“तिचंही तुझ्याशी नसेल,” देओलिंदा म्हणाली, पण रात्री तिनं चिपाची दोन कडी जास्तीची वळली.

सात तारखेला उजाडताना दोघी निघाल्या. शेजारची न्या एमेरेन्सिया फाटकात लिंबूपाणी मांडून बसली होती. तिनं इंगरच्या पायांतले बूट पाहिले आणि हात जोडून आभाळाकडे बघितलं. “अगं बाई! तीन वर्षांत एक मासा गळाला लागला नाही, आणि आता कोळीणच जाळ्यात?”

“गुडघ्यासाठी चाललेय मी,” इंगर लाल होऊन म्हणाली.

“हो हो, आम्ही सगळेच कशा ना कशासाठी चाललेलो असतो!”

रस्ता माणसांनी भरला होता. कुणी अनवाणी, कुणी पाळण्यातलं बाळ पाठीशी बांधून, कुणी वडिलांच्या हाताला धरून. घराघरापुढे बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादल्या. देओलिंदा काठी टेकत, दर अर्ध्या तासाला दगडावर बसत चालत होती. तिला वाटलं होतं, एलिखिओशिवाय ही वाट खायला उठेल. पण इंगर तिला स्वस्थ बसू देईना. प्रत्येक थांब्यावर इंगरच्या पिशवीतून बँडेज निघायचं आणि तिच्या पायाऐवजी भलत्याच कुणाच्या तरी पायाला लागायचं. टाचा सोललेली एक शाळकरी पोर. फोड फुटलेला एक हवालदार. त्याचा पाय मांडीवर घेऊन इंगर धूळ पुसत होती आणि तो लाजून चूर झाला होता.

“बाई, राहू द्या, घाण आहे.”

“पाय धुण्याची गोष्ट तुमच्याही पुस्तकात आहे आणि माझ्याही,” इंगर म्हणाली. “हलू नका.”

देओलिंदानं हे ऐकलं आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की ही बाई तीन वर्षं खोलीत खुर्च्या मांडून बसली, तिनं रस्त्यावरच यायला हवं होतं.

चुकलं ते एवढंच, की इंगर सगळ्यांना पाणी पाजत गेली आणि स्वतः प्यायचं विसरली. तिच्या बाटलीतलं शेवटचं पाणी तिनं एका लेकुरवाळीला दिलं. बाराच्या सुमाराला चढण लागली तेव्हा ऊन चाळिशीला टेकलं होतं. देओलिंदा तिच्या दंडाला धरून चालत होती. तिला जाणवलं, की तो दंड भट्टीच्या दारासारखा तापलाय आणि पार कोरडा आहे. घामाचा थेंब नाही. इंगर काहीतरी बोलत होती, पण ते ना ग्वारानी होतं ना स्पॅनिश.

“इंगर? अगं, माझ्याकडे बघ.”

इंगरनं तिच्याकडे पाहिलं, हसली आणि खाली कोसळली.

देओलिंदाचं बालपण उसाच्या फडांजवळ गेलं होतं. उन्हानं पडलेला माणूस तिनं पाहिला होता आणि त्यातून न उठलेलाही पाहिला होता. तिनं अशी हाक दिली की चढणीवरची सगळी माणसं थबकली. पुढे एक मोठा क्रूस खांद्यावर घेऊन चाललेला धिप्पाड माणूस होता, कोन्सेप्सिओनहून नऊ दिवस चालत आलेला. त्यानं वाटेत कुठेही जमिनीला न टेकवलेला तो क्रूस कडेला आडवा ठेवला, इंगरला पोरीसारखी उचलली आणि आंब्याच्या सावलीत नेली.

“पाणी!” देओलिंदा ओरडली. “थंड! प्यायला नाही, अंगावर!”

प्रत्येकाच्या खांद्याला तेरेरेचा थर्मास होताच. भर उन्हात तो बर्फाचा चहा म्हणजे माणसाचा जीव. पण एकामागून एक झाकणं उघडली. हवालदारानं आपला थर्मास इंगरच्या मानेवर रिकामा केला, पोरींनी डोक्याचे रुमाल भिजवून तिच्या काखेत दाबल्या, एक आजी टोपीनं वारा घालत तुपासीचं नाव घेत राहिली. ही बाई कोण, कुठल्या धर्माची, कुणी विचारलं नाही.

स्वयंसेवकांची रुग्णवाहिका गर्दीतून वाट काढत आली. त्यातला तरुण देओलिंदाला म्हणाला, “न्या, आम्ही नेतो हिला खालच्या गावात. तुम्ही पुढे व्हा. तीनच किलोमीटर राहिलेत, देवळाचा घुमट बघा दिसतोय.”

घुमट खरंच दिसत होता. निळा, उन्हात चमकणारा. सत्तावीस वर्षांत देओलिंदा इथवर येऊन कधी मागे वळली नव्हती. तिनं घुमटाकडे पाहिलं, स्ट्रेचरवरून लोंबणाऱ्या इंगरच्या हाताकडे पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांपुढे आली ती आपली वाट सोडून चिखलातून आलेली बस.

“सरक,” ती त्या तरुणाला म्हणाली आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून गाडीत चढली.

इंगर संध्याकाळी शुद्धीवर आली. हाताला सलाईन, उशाशी देओलिंदा.

“पोचलो आपण?”

“तू देवाच्या दारात पोचलीच होतीस. परत आणलं ओढून.”

“नाही, काकुपेला.”

“नाही गं. झोप.”

इंगरला सगळं समजलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “माझ्यामुळे तुझा नवस मोडला.”

“रडू नकोस. एवढं पाणी घातलंय तुझ्यात त्या डॉक्टरनं, वाया जाईल.”

चेष्टा केली खरी, पण देओलिंदाच्या जिवाला चैन नव्हतं. सण गेला. गावचे पाद्री पाई रोसेन्दो घरी येऊन म्हणाले, “न्या देओलिंदा, जे केलंत ते चालण्यापेक्षा मोठं केलंत. नवस पुरा झाला, मी सांगतो.” तिनं त्यांना चिपा दिला, तेरेरे दिला आणि म्हणाली, “पाई, तुम्ही सोडलंत, तुपासीनंही सोडलं असेल. पण माझेच पाय मला सोडत नाहीत. पोरीसाठीचे आभार आहेत ते. तीन किलोमीटर हातचे राखून कसे ठेवू?”

आतल्या खोलीतून इंगरनं हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती बूट पुसत बसलेली दिसली.

“पंधरा तारखेला आठवडा पुरा होतो ना सणाचा? त्या दिवशीही मोठी प्रार्थना असते म्हणे.”

“असते. तुला काय त्याचं?”

“आपण त्या आंब्यापर्यंत बसनं जायचं. तिथून पुढे चालायचं. आणि या वेळी पाणी मी आधी पिईन, मग दुसऱ्याला देईन.”

पंधराला चढणीवर, ना गाव ना थांबा अशा जागी दोघी उतरल्या, तेव्हा कंडक्टर बुचकळ्यात पडला. “इथे काय आहे, न्या?”

“आम्ही इथेच राहिलो होतो,” देओलिंदा म्हणाली.

आभाळ ढगाळ होतं, रस्ता मोकळा. तीन किलोमीटरला दोन तास लागले. इंगरनं एका हातानं तिची कंबर धरली होती, दुसऱ्या हातात बाटली. मध्येच देओलिंदा एलिखिओबद्दल बोलू लागली. याच वळणावर तो दरवर्षी बूट काढायचा आणि दरवर्षी म्हणायचा, की पुढच्या वर्षी नवे घेईन. बोलता बोलता ती रडली. मार्चपासून ती रडलीच नव्हती. इंगर चालायची थांबली नाही, फक्त पकड घट्ट केली.

देवळाच्या दाराशी इंगर घुटमळली.

“थांब इथे,” देओलिंदा म्हणाली. “मी जाऊन येते.”

“आणि गुडघा टेकल्यावर उठवणार कोण तुला?”

दोघी आत गेल्या, पार पुढेपर्यंत. देओलिंदा हळूहळू गुडघ्यांवर बसली. तिच्या शेजारी इंगर ताठ उभी, हात समोर जोडलेले, नजर जमिनीकडे. देओलिंदानं निमियाचे आभार मानले, एलिखिओबरोबरच्या चाळीस वर्षांचे मानले, थर्मास रिकामे करणाऱ्या अनोळखी माणसांचे मानले. मग हळूच म्हणाली, “आणि ही माझ्याबरोबर आलीय. वाकणार नाही, तिला काही विचारू नकोस. पण चालली मात्र छान.”

बाहेर पायरीवर बसून चिपा खाताना इंगर म्हणाली, “मीही आभार मानले आत. पण तुझ्या तुपासीचे नाही हं. जिझसचे.”

“तिच्याच मुलाचे ना?” देओलिंदानं तिच्या हातावर आणखी एक कडं ठेवलं. “मग झालं तर. घरातलं घरातच राहिलं.”

इंगर एवढी हसली, की पायरीवरची कबुतरं उडाली.

इंगरनं घडलं ते सगळं आपल्या चर्चला लिहून कळवलं, काही लपवलं नाही. तिकडे बैठका झाल्या, दोन कडक पत्रं आली. तिसरं आलं ते मवाळ होतं आणि सोबत बँडेजची दोन खोकी होती. ती सान लुकासलाच राहिली. खुर्च्या अजून सहाच आहेत. पण डिसेंबरच्या सात तारखेला आता तिची खोली बंद नसते. रस्त्याच्या कडेला टेबल, टबात पाणी, आणि रांगेत बसलेले पाय.

देओलिंदाचा गुडघा पुढे आणखी दोनदा काकुपेला गेला. मग डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा तिनं पाई रोसेन्दोंना न विचारताच तुपासीशी नवा करार केला. त्या दिवशी सगळी भट्टी रस्त्यासाठी. इंगरच्या टेबलाशेजारी ती टोपली घेऊन बसते आणि पाय बांधून उठणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गरम कडं देते.

“घे, खा. पुढे चढण आहे.”