जुन्या पत्त्यावरचा पासवर्ड

अण्णांचा आवाज कधी चढायचा नाही, तरी ऑफिसात सगळे त्यांना टरकून असायचे. आम्ही लिहिलेला कोड, त्यातला एकेक बदल, तो कुणी कधी केला, हे सारं ज्या सर्व्हरवर राहतं तो अण्णांच्या ताब्यात. नोकरी सोडणाऱ्याचा निरोपाचा चहा संपायच्या आत त्याचं खातं बंद व्हायचं.

"अहो, दारापर्यंत तरी जाऊ द्या त्याला," मी एकदा म्हटलं.

"दारापर्यंत जाऊ दे की. सर्व्हरपर्यंत नको."

मी कोड तपासते. चौदा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते आहे. म्हणून एक गोष्ट मला ठाऊक होती. स्वतःच्या धाकट्या भावाचं खातं त्यांनी बंद केलं नव्हतं.

तोही इथंच कामाला होता. गेल्या वर्षी आठ दिवसांच्या तापात गेला. खिडकीजवळचं त्याचं मशीन मात्र चालूच राहिलं. रोज सकाळी सातला ते आपणहून सर्व्हरवरून ताजा कोड उतरवून घ्यायचं, त्यानं साठवून ठेवलेल्या पासवर्डनं. त्यामुळे कोण कधी आत आलं त्या यादीत पहिली ओळ त्याच्या नावाची असायची. अण्णा आल्या आल्या ती यादी उघडायचे, चष्मा पुसायचे, मग कामाला लागायचे. मी कधी विषय काढला नाही. काढून बोलणार काय?

यंदा सर्व्हर हलवला, त्याचा पत्ता बदलला. झालं, सकाळपासून सगळ्यांच्या पडद्यावर एकच धोशा: नाव सांगा, पासवर्ड सांगा.

"अण्णा, बरोबर टाकलाय हो, तरी दर वेळी विचारतंय!" डिझाइनवाली वैतागली. "आमच्या सासूबाईंसारखं. रोज बघतात आणि रोज विचारतात, कोण गं तू?"

"मशीननं तुझा पासवर्ड जुन्या पत्त्याच्या नावावर जपलाय. सरक, नवा पत्ता घालून देतो. मग एकदाच टाक, जपून ठेवायला सांग."

असं टेबलामागून टेबल करत दुपारी ते खिडकीजवळ पोचले. तिथंही पासवर्ड मागणारी तीच रिकामी चौकट.

"त्याचा पासवर्ड ठाऊक नाही?" मी विचारलं.

"मीच शिकवलं होतं त्याला, सख्ख्या भावालाही सांगायचा नाही म्हणून."

"तुम्ही नवा लावू शकता ना?"

"लावीन की. पण मग आत जाणारा मी असेन, ताई."

मग त्यांनी एक युक्ती केली. त्या मशीनला नवा पत्ता दिलाच नाही. जुना पत्ता म्हणजेच नवा सर्व्हर, एवढंच त्याला समजावलं. मशीन फसलं. जपलेला पासवर्ड त्यानं काढून दिला आणि ते आत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याचं नाव यादीत होतं. अण्णा चोरी केल्यासारखे बसले होते.

त्याच दिवशी साहेबांकडून कागद आला. सर्व्हर हलवला आहे, तेव्हा माणसाच्या नावानं चालू असलेलं प्रत्येक खातं कामावरच्या माणसाचंच आहे असं सहीनिशी लिहून द्या.

"एक नाव राहिलं तर कुणाला कळणार आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं. लाज वाटली मला.

"कुणालाच नाही कळणार," ते म्हणाले आणि उठले.

खिडकीजवळच्या मशीनसाठी त्यांनी वेगळं खातं उघडलं, मशीनच्याच नावानं. नवा पत्ताही घातला. मग भावाच्या खात्याकडे वळले. खातं बंद करताना कारण लिहावं लागतं, जागा रिकामी सोडता येत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. देवा, एवढं निभावून ने, असं मी मनात म्हटलं.

"ताई, इतरांचं काय लिहितो आपण?"

"नोकरी सोडली."

"त्यानं नाही हो सोडली."

मग एका बोटानं त्यांनी काहीतरी लिहिलं. मी तोंड फिरवून बसले. किल्ली दाबल्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

कागदावर त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली ती गेल्या वर्षीची, धाकटा गेला त्या दिवसाची. मी बोट ठेवून दाखवली. त्यांनी ती खोडली, शेजारी आजची लिहिली आणि कागद नेऊन द्यायला माझ्या हातात दिला.