झटका

छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हा मी शंकर नगरातल्या एका विमा कचेरीत होते. कोणाला किती हप्ता लावायचा, हे आमच्या टेबलावरच्या तक्त्यात बघून ठरायचं. तिथे माणूस नावानं येतच नसे, कामानं यायचा. मास्तर स्वस्त, बाबू स्वस्त, उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडभट्टीवरचा मजूर महाग. त्यात मला काही वावगं वाटत नसे. माझा सख्खा धाकटा भाऊ बीरगावात राहून भट्टीवरच कामाला जात होता, तरीही.

त्याला मुलगी झाली तेव्हा मीच मागे लागले, आता विमा काढच. भट्टीचा जादा हप्ता धरूनही त्याच्या पगारात ते कसंबसं बसत होतं. मग डॉक्टरांची तपासणी झाली आणि हप्ता आणखी चढला. कारण दिलं होतं: वडील हृदयविकाराने गेले.

आमचे बाबा, भाऊ जात होता त्याच कारखान्यात, विजेच्या धक्क्याने गेले होते. डॉक्टरांना काय सांगितलंस, म्हणून भावाला विचारलं. तो माझ्याशीही हिंदीतच बोलायचा.

"वही, जो आई बोलती है. झटके से गए."

आमच्या घरी करंट लागला की झटका लागला म्हणतात. डॉक्टरांच्या लेखी झटका हृदयाचा. एवढीशी चूक, बाबांच्या मृत्यूचा कागद दाखवला की मिटेल, असं वाटून मी आईकडून तो काढून घेतला. त्यातही हृदयच होतं.

"तुहे बाबा गेले तवा मॅनेजर आला होता न घरी," आई म्हणाली. "म्हने, झटका आया था ना? मी म्हनलं, हव, झटकाच. मले काय मालूम तो कोनता झटका म्हनून राहिला."

त्या एका शब्दावर कारखान्याने भरपाई बुडवली होती आणि आता माझी कचेरी त्याच शब्दाचे पैसे लावत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांपुढे जाऊन भांडले. साहेब मनाने वाईट नव्हते, पण कागदावर आहे तेच धरावं लागेल म्हणाले.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मानूसही आमचाच गेला, अन् पैसेही आमालेच काहून मागून राहिले?"

"रहने दो दीदी, अगले साल देखेंगे," भाऊ म्हणाला आणि डबा घेऊन पाळीवर गेला.

पुढचं साल त्याने पाहिलंच नाही. भट्टीपाशी उघड्या वायरीला हात लागला. आमच्या तक्त्याने भट्टीचा धोका बरोबर धरला होता, हृदयाचा तेवढा चुकला. तो तक्ता मला आजही डोळ्यांपुढे नको वाटतो.

आता मॅनेजर दुसरा होता, पण तोही तसाच हात जोडून दारात उभा राहिला. त्याने तोंड उघडायच्या आत आई नातीला कडेवर घेऊन पुढे झाली. त्याला समजावं म्हणून हिंदीत, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"झटका मत बोलना साहब. करंट लगा, ऐसा बोलो. और लिख के दो."