क्वार्कच्या ताऱ्यावरचा माझा लेख

मी सातवी शिकलेली बाई. इंग्लंडात रीडिंग गावी लेकाकडे राहायला आले, तेव्हा लेक-सून कामावर गेली की लायब्ररीत जाऊन बसायचे, डिक्शनरी मांडीवर घेऊन. ताऱ्यांची पुस्तकं वाचता वाचता एक गोष्ट भेटली आणि तिनं मला सोडलंच नाही. मोठा तारा फुटला की मागे जो गोळा उरतो ना, तो लंडनमध्ये सहज मावेल एवढाच, पण वजनाला सूर्याहून जड. त्याच्या पोटात दाब इतका, की अणूतले कणही चिरडले जातात आणि त्यांच्या आतले क्वार्क, म्हणजे त्याहून बारीक कण, मोकळे होतात. कदाचित. आत जाऊन कुणी पाहिलेलं नाही, म्हणून शास्त्रज्ञसुद्धा कदाचितच म्हणतात. मला त्यांचं तेच आवडलं.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी यावर चार पानं लिहिली. आठ महिने लागले. आयुष्यातला पहिला लेख हो.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये अंक हातात आला. शिरा खाता खाता उघडला आणि माझा लेख काढला. एकही 'कदाचित' उरला नव्हता. शिवाय शेवटी एक नवाच परिच्छेद, की हे सगळं आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. खाली माझं नाव.

संपादक तिथेच चहा घेत होते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत.

"काकू, जरा पॉलिश केलं. तुमचं ते सारखं कदाचित वीक वाटत होतं."

"आणि ऋषी?"

"लोकांना आवडतं हो. मागच्या वर्षी ब्लड प्रेशरच्या लेखालाही जोडलं होतं."

"कुठल्या ग्रंथात आहे ते सांगा. मी वाचते."

"आता ते कुठे शोधत बसायचं, काकू. चला, स्टेजवर शाल द्यायचीय तुम्हाला."

मला शिसारी आली. एवढा शिकलेला माणूस, आणि तोंडावर लाजेची रेघ नाही.

"शाल राहू द्या," म्हटलं, आणि दारापाशी अंकांचे गठ्ठे होते तिथे जाऊन बसले. एकेक अंक उघडायचा, बॉलपेननं तो परिच्छेद खोडायचा.

लेक धावत आला. "आई, लोक बघतायत."

"बघू देत. खाली नाव माझं आहे."

मग खिशातलं पेन काढून त्यानं पलीकडचा गठ्ठा ओढला.

पण बरेच अंक तोवर लोकांच्या गाड्यांत बसून गेले होते. त्या घरांमध्ये मी अजून खोटं बोलतेय, आणि त्याची किळस मला आजही येते.