आईच्या हाताची मूठ

नागापूरला एमआयडीसीत एका शेडबाहेर एक कारागीर चाकू-सुऱ्यांना लाकडी मुठी बसवायचा. आईच्या सुरीची मूठ फुटली म्हणून मी गेलो, तर त्याने सुरी बाजूला ठेवून माझीच बोटं चाचपली.

"सुरी आईची आहे," मी म्हणालो.

"मंग त्यांनाच आना की."

आईची बोटं संधिवाताने आखडली होती. ती घराबाहेर पडत नसे आणि तिने चिराचिरीही सोडली होती. हे ऐकून तो म्हणाला, "मंग त्यांच्या मुठीत कनकेचा गोळा दाबून घ्या, अन् तसाच आना."

आई खूप हसली, पण गोळा दाबला तिने.

दुसऱ्या दिवशी त्याने तो गोळा डोळे मिटून दोनदा धरला. मग पात्याच्या दोन्ही अंगांना बाभळीच्या पट्ट्या ठोकून तो कानशीने घासत बसला. मूठ जाडजूड झाली, एका बाजूला खोलगट. मी धरून पाहिली, तर हातात बसेचना.

"तुमाला बसली असती तर माजं चुकलं असतं," तो शांतपणे म्हणाला.

संध्याकाळी आईने कांदा चिरला. फोडी मोठ्या झाल्या, पण सगळा तिनेच चिरला. मी दोनदा "जपून" म्हणालो, तर तिने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.