पडद्यावरची गुलाबी चिठ्ठी

आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. सर त्याच्यावरचं फुलाफुलांचं कापड बाजूला करत आणि आम्ही भिंतीला पाठ लावून बघत उभे राहत असू. वैरागच्या त्या सरांनी सुट्टीत बोलावून मला टायपिंग शिकवलं नसतं, तर आमच्या घरातली पहिली पदवीधर होऊन मी सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कचेरीत बसले नसते. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण त्या खोलीतला धाक मनातून पुरता गेला नाही. पडद्यावर एखादी गोष्ट उमटली की ती पक्की झाली, असं मला नोकरी लागल्यावरही वाटायचं.

कचेरीत खरी नोंद होते ती आवक रजिस्टरला. सगळे कागद जोडलेले असतील तरच अर्जाला आवक क्रमांक मिळतो. एखादा कमी असला की अर्ज परत द्यायचा. मला ते जमायचं नाही. दोन एस्टी बदलून आलेल्या माणसाला एका उताऱ्यासाठी माघारी धाडायचं म्हणजे माझ्याच वडिलांना धाडल्यासारखं वाटायचं. म्हणून मी अर्ज ठेवून घ्यायची आणि पडद्यावर एक स्टिकी नोट उघडून त्यात लिहायची: कोणाचं काम, कुठला कागद कमी, कधीपर्यंत. साधी कामं पिवळ्या चिठ्ठीवर, मुदतीची गुलाबी. आमचे हेडक्लार्क जाता-येता विचारायचे, "मॅडम, पडदा आहे का वाकळ?" मी हसायची. मला त्या ठिगळाठिगळांच्या वाकळीचा अभिमान होता.

जूनमध्ये सांगोल्याकडचे एक गृहस्थ आले. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. मुलगी आमच्याकडून बारावी झालेली, चांगले गुण, नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. अडचण एकच होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं माहेरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर लग्नात बदललेलं नाव. आमच्या भागात हे घरोघरी असतं. फॉर्म भरताना कोणी विचारलं की घरात आईला ज्या नावाने हाक मारतात तेच सांगून पोरी मोकळ्या होतात. पण प्रवेशाच्या पडताळणीला दोन्हीकडे एकच नाव लागतं, नाहीतर त्या दोन वेगळ्या बायका ठरतात. दुरुस्तीचा अर्ज आमच्यामार्फत बोर्डाकडे जायचा होता आणि त्याला जुन्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा कमी होता.

मी म्हणाले, उताऱ्यासाठी शाळेला मीच फोन करते, तुम्ही परत येऊ नका. त्यांना बरं वाटलं. टोपी गुडघ्यावर ठेवून ते जरा वेळ बसले आणि मग न विचारता सांगू लागले.

"पोरीच्या आत्यानं पोरगा बघून ठिवलाय. नंबर लागला तर मी न्हाय म्हणू शकतो, म्याडम. न्हाय लागला तर घरात माझं कोण ऐकतंय?"

मी गुलाबी चिठ्ठी उघडली. मुलीचं नाव, उतारा, पडताळणीची मुदत. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. वाचता येत नव्हतं, पण अक्षरं उमटताना बघत होते.

"कॉम्प्युटरात घातलंसा न्हवं?"

ही नोंद नाही, ही माझ्या आठवणीसाठीची चिठ्ठी आहे, असं तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "व्हय, घातलंय." बारावीच्या फॉर्मसोबतच पाठवता येईल म्हणून त्यांचा अर्ज मी मुलीच्या मूळ फॉर्मला टाचला आणि तो गठ्ठा कपाटात परत ठेवला. नीटनेटकं काम केल्याचं समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला फोन केला तर रजिस्टर सांभाळणारे रजेवर होते. चार दिवसांनी करा म्हणाले. त्याच आठवड्यात माझं मशीन बंद पडायला लागलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला, फॉरमॅट मारावा लागेल म्हणाला, डेस्कटॉपवरचं काय काय ठेवायचं ते विचारलं. मी म्हणाले, सगळं. त्याने डेस्कटॉपवरची एकूण एक फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि मला मोजून दाखवली.

सकाळी मशीन सुरू केलं तर सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या आणि मध्ये पडद्याच्या चित्रातली हिरवी टेकडी स्वच्छ दिसत होती. एकही चिठ्ठी नव्हती. मी त्याला फोन लावला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, त्या डेस्कटॉपवर दिसतात, पण तिथे नसतात. त्यांची जागा वेगळी असते. आधी सांगायचं की."

मी वही घेऊन बसले. अकरा चिठ्ठ्या होत्या एवढं नक्की आठवत होतं. दुपारपर्यंत नऊ कामं लिहून काढली. दहावी चिठ्ठी दोन दिवसांनी सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघताना आठवली. अकरावी आठवेना. ती गुलाबी होती आणि उजव्या कोपऱ्यात खाली, घड्याळाच्या वर होती, हे डोळ्यांपुढे यायचं. आत काय लिहिलं होतं ते येत नव्हतं. टेबलाचे खण उपसले. कपाटातले गठ्ठे उघडायचं सुचलं नाही. ज्याचं काम असेल तो फोन करेल, असं मी धरून चालले.

त्यांनी फोन केला नाही. काम कॉम्प्युटरात होतं, मग फोन कशाला करतील?

जुलै संपता संपता ते मुलीला घेऊन आले. पडताळणीच्या केंद्रावरून थेट आले होते. नावं जुळत नाहीत म्हणून तिथून परत पाठवलं होतं आणि तो शेवटचा दिवस होता. त्यांना बघताच मला अकरावी चिठ्ठी शब्दन् शब्द आठवली.

ते रागावलेले नव्हते. "आमचं काम हितं हाय की, म्याडम. जरा काढून द्या."

मी उठून त्यांना खुर्ची दिली आणि जे झालं ते सांगितलं. मी कपाटातून गठ्ठा काढला. अर्ज टाचलेला होता तसाच होता.

वडिलांना पटत नव्हतं. कॉम्प्युटरातलं कसं जाईल, असं ते दोनदा म्हणाले. मुलगी मात्र टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली.

"कुटं लिहिलं व्हतं?"

मी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं?" तिने विचारलं. मग बराच वेळ ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथे फक्त घड्याळ होतं.

मी केंद्रावर फोन लावले, प्राचार्यांचं पत्र मागून घेतलं, दोघांना घेऊन स्वतः तिकडे गेले. खिडकीतल्या माणसाने पत्र वाचून परत दिलं. दुरुस्त गुणपत्रिका हवी, पत्र चालत नाही. त्याचं चुकत नव्हतं. पुढल्या वर्षी या, म्हणाला. पुढलं वर्ष हे शब्द ऐकून बापलेकींनी एकमेकांकडे बघितलं नाही. एस्टी स्टँडवर वडील मला म्हणाले, "तुमी लई धावपळ केली." मला ते ऐकवेना.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेतून उतारा स्वतः जाऊन आणला आणि दुरुस्तीचा अर्ज आवक रजिस्टरला चढवला. गुणपत्रिका दिवाळीनंतर आली. आईचं नाव बरोबर होतं. मी फोन केला.

"लगीन झालं की, म्याडम," वडील म्हणाले. "तिकडं तिचं नाव बी बदललंय." मागे मेंढरांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "कागूद ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. हितं शेरडं खात्यात."

आता मी अपुरा अर्ज ठेवून घेत नाही. कागद कमी असेल तर माणसाला परत पाठवते आणि तो पाठमोरा जाताना बघत नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने माझ्या चिठ्ठ्या इंटरनेटला जोडून दिल्यात. मशीन बदललं तरी त्या जात नाहीत. यंदा मशीन बदललं. नव्यावर सगळं रिकामं होतं, आणि पासवर्ड टाकल्यावर थोड्या वेळाने उजव्या कोपऱ्यात खाली एक गुलाबी चिठ्ठी आली. तिच्यावर मुलीचं जुनं नाव आहे आणि खाली मीच, तो फोन करायच्या आधी, लिहिलेलं आहे: गुणपत्रिका तयार, न्यायला येतील.