डॉक्टरच्या बायकोने नंबर लावला

डॉक्टरांच्या घरी कोणाला काही होत नसे. म्हणजे होत असे, पण डॉक्टर ते मानत नसत. मुलीचं मनगट मोडलं तेव्हा 'मुरगळलंय, शेक दे' म्हणून त्यांनी तिला दोन दिवस तसंच शाळेत पाठवलं होतं. बायकोच्या डोकेदुखीला पाणी पी, पाठदुखीला झोप, आणि उरलेल्या सगळ्याला गॅस. ही निदानं पेपरातून डोकं वर न काढता होत.

आणि हाच माणूस खाली दवाखान्यात बसला की दुसराच कोणी होई. पूर्वी तिथे चपलांचं दुकान होतं. भिंतीवरच्या फळ्या तशाच राहिल्या होत्या, त्यांवर आता औषधांची खोकी. या परक्या देशात दोघं आली तेव्हा डॉक्टरांच्या पदवीला इथे कोणी विचारेना. मग भाज्यांच्या गोदामात पेट्या उचलत त्यांनी पहिल्यापासून परीक्षा दिल्या. बायको शिलाईच्या कारखान्यात दिवसभर शर्टांना कॉलर जोडायची आणि घरी येऊन पुस्तक हातात धरून त्यांना प्रश्न विचारायची. शेवटी दारावर पाटी लागली, आणि आपल्याकडून आलेली झाडून सगळी माणसं डॉक्टरांच्या गळ्यात पडली. कोणाला इथली भाषा येत नाही, चला त्याच्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात. कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली, चढा जिने आणि द्या इंजेक्शन. डॉक्टरांनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही.

घरासाठीही जीव टाकत. रविवारी सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री तेच करत. आईची नखं शेवटपर्यंत त्यांनीच कापली. फक्त घरच्यांचं दुखणं म्हटलं की कानात बोळे.

बायकोला वाटे, हा निष्काळजीपणा नाही, ही भीती आहे. इथे आपलं म्हणून एवढंच घर. त्यात 'काही नाही' म्हटलं की काही नसतं, असं धरून चाललेला माणूस. हे तिला कळत होतं. पण कळल्यामुळे जबडा दुखायचा थांबत नव्हता.

दोन महिने झाले, जिना चढताना तिचा जबडा आवळून यायचा, खांदा जड व्हायचा. मधल्या वळणावर जरा थांबलं की सुटायचा. तिने सांगितलं होतं. आधी गॅस ठरला, मग दाढ ठरली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा डॉक्टर इस्त्री करत होते. "अगं, वय झालं आपलं," म्हणाले आणि बाही उलटली.

त्या दिवशी बाजारातून आल्यावर तिसऱ्याच पायरीवर जबडा आवळला. तिने पिशवी तिथेच ठेवली, कठडा धरून उभी राहिली, आणि वर जायच्या ऐवजी वळून दवाखान्यात शिरली.

"वहिनी, किल्ली विसरलात?" नर्सबाईंनी विचारलं.

"नंबर द्या मला."

"अहो, नंबर कशाला? मी आत सांगते ना."

"आत सांगून काय होतं ते मी रोज वर बघते. नंबर द्या."

बाकावर टॅक्सीवाला बसला होता, डॉक्टरांचा जुना पेशंट. तो सरकला. "काय वहिनी, भांडण झालं का?"

"भांडायला समोरच्याने ऐकावं लागतं, भाऊ."

टॅक्सीवाला हसला. पलीकडची गुडघेवाली आजी हसली नाही. "मधे घुसायचं नाही हं," ती म्हणाली. "डॉक्टरची बायको असलीस म्हणून काय झालं?"

"नाही घुसत, आजी. तुमच्या मागेच आहे."

पण आजीला लघवीला जायचं होतं, म्हणून बायकोचा नंबर आधी लागला. डॉक्टर हात धुत होते, पाठ दाराकडे. "या, बसा," ते म्हणाले. "काय होतंय?"

हा आवाज तिने जिन्यावरून पुष्कळदा ऐकला होता. तिला कोणी त्या आवाजात विचारलं नव्हतं. ती पेशंटच्या स्टुलावर बसली.

"जिना चढताना जबडा आवळतो. खांदा जड होतो."

डॉक्टर वळले. "अगं, हे काय? बाहेर माणसं खोळंबलीत."

"मीही त्यांच्यातच खोळंबले होते. पेशंटला बसा म्हणालात, आता विचारा."

ते खुर्चीत बसले ते तिची समजूत घालायला. पण हात सवयीने नाडीवर गेला आणि तोंडातून सवयीचे प्रश्न येऊ लागले. थांबलं की दुखणं जातं का? जातं. घाम येतो? येतो. पूर्वीपेक्षा लवकर होतं? आज तिसऱ्याच पायरीवर झालं.

त्यांनी तिला कॉटवर झोपवून हृदयाच्या तपासणीचं यंत्र लावलं. वायरी चिकटवताना एक दोनदा सुटली. कागदाची पट्टी बाहेर आली, ती ते उभ्याउभ्या बघत राहिले. मग तिच्या हातात एक गोळी दिली. "चावून खा. गिळू नकोस."

"गॅसची आहे?"

डॉक्टर दार उघडून म्हणाले, "आज दवाखाना बंद."

"आणि माझा गुडघा?" आजीने विचारलं.

"गुडघा उद्या, आजी." डॉक्टरांनी टॅक्सीवाल्याकडे पाहिलं. तो आधीच उठला होता.

हॉस्पिटलात तपासणारी डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने पट्टी बघितली, माणसं कामाला लावली आणि विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"आज सकाळपासून," डॉक्टर म्हणाले.

"दोन महिन्यांपासून," बायको म्हणाली.

"दोन महिने? आणि कोणाला दाखवलं नाहीत?"

नवऱ्याची लाज राखायची तर 'नाही' म्हणणं सोपं होतं, आणि बायको ते म्हणालीही असती. पण डॉक्टर आधी बोलले.

"मला सांगितलं होतं. मी बघितलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर आहेत हे कळल्यावर ती पट्टी त्यांच्यासमोर धरून डॉक्टरी भाषेत बोलू लागली. डॉक्टर थोडा वेळ मान हलवत राहिले, मग मागे सरकले.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "मला काही माहीत नाही. तिला विचारा."

बायकोने जिन्यापासून सुरुवात केली. कुठल्या वळणावर थांबावं लागतं, खांदा आधी की जबडा, ओझं असलं की किती लवकर, सगळं. डॉक्टर कॉटच्या पायथ्याशी तिच्या चपला हातात धरून उभे होते.

दुपारी तिथल्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाची तुंबलेली नस मोकळी केली.